नेमाण्णांचं खोटं मयत

कोगनोळीच्या नाक्यावर एकदा माझी गाडी तपासणीला थांबवली. डिकी उघडायला लावली. आत हातभर लांबीचे पुठ्ठ्याचे मोबाईल, शिंगं लावलेला लाल मुखवटा, कापसाच्या मिशा आणि जुन्या चादरीचा शिवलेला एक अंगरखा, त्यावर ठसठशीत अक्षरांत 'ओटीपी'. पोलिसानं तो अंगरखा दोन बोटांत धरून वर उचलला.

"हे काय मॅडम?"

"ओटीपी आहे."

त्यानं तो चटकन परत आत टाकला. "मग मला कशाला दाखवालाय? कुणाला दाखवायचा न्हाय म्हंत्यात की!"

आपलं शिकवणं निदान एका माणसापर्यंत पोचलंय, याचा एवढा आनंद मला नंतर फार वेळा झालेला नाही.

मी मूळची मराठीची शिक्षिका. खासबागमधल्या एका शाळेत बरीच वर्षं काढली, मग नोकरी सोडली आणि हा उद्योग सुरू केला. खानापूरपासून निपाणीपर्यंत जी शाळा बोलावेल तिथं जायचं, मुलांना घेऊन नाटक बसवायचं आणि शेवटी ते गावाला दाखवायचं. विषय ठरलेला: मोबाईलवर एकमेकांना छळू नका, कुणी छळलं तर काय करायचं, आणि अनोळखी माणसाला काय सांगायचं नाही. याच विषयावर पडद्यावर आकृत्या दाखवून भाषण करणारे साहेब मी पाहिले आहेत. आधी मुख्याध्यापक झोपतात, मग त्यांच्याकडं बघून मुलं. नाटकात निदान ज्याला शिंगं लावली आहेत तो तरी जागा असतो.

नाटकातही सगळं ठरल्यासारखं होत नाही. येळ्ळूरच्या बाजूला एका शाळेत एका गुटगुटीत मुलाला मी 'पासवर्ड' केलं होतं. त्याचं काम एवढंच की कुणी कितीही विचारलं तरी आपलं नाव सांगायचं नाही. चोरानं चॉकलेट दाखवलं, दम दिला, पाया पडला. पोरगं ढिम्म. गावानं टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक म्हातारी ओरडली, "अगं बया, ह्यो आमचा सुऱ्या न्हवं?" आणि पासवर्ड आनंदानं म्हणाला, "व्हय गं आज्जी!"

मी तो प्रकार पुढच्या नाटकांत तसाच ठेवला. पासवर्ड घरातूनच फुटतो, हे सांगायला याहून चांगला प्रवेश मला लिहिता आला नसता.

आमच्या सीमाभागात आणखी एक पथ्य पाळावं लागतं. नाटकातल्या चोरानं मराठी बोलायचं नाही आणि कन्नडही बोलायचं नाही. दोन्हींतलं काहीही बोलला तर नाटक राहतं बाजूला आणि भलतीच सभा सुरू होते. माझा चोर हिंदीत बोलतो. सगळे खूश.

माझे स्वतःचे नियम दोनच. ज्यानं कुणाला छळलं असेल त्याला नाटकात छळणारा करायचं नाही. ते त्याला येतंच. त्याला ज्याचा छळ झाला त्याच्या घरचं माणूस करायचं, आई नाहीतर आज्जा. आणि नाटकासाठीसुद्धा कुणाचा खरा फोटो वापरायचा नाही. फोटोच्या जागी मी पुठ्ठ्यावर भोपळा काढते. वाटल्यास त्याला मिशा.

हा दुसरा नियम मोडला की काय होतं, ते मी निपाणीच्या अलीकडं, तंबाखूच्या पट्ट्यातल्या एका गावात पाहिलं. गावाचं नाव सांगत नाही. तिथले लोक मला अजून जेवायला बोलावतात, ते तसंच चालू राहावं.

तिथल्या मुख्याध्यापकांचा, पाटील सरांचा, फोन आला. "मॅडम, आमच्याकडं एक पोरगी मेली."

मी खुर्चीत बसले. "कशानं?"

"म्हणजे खरी न्हाय. मोबाईलवर."

आमच्याकडं माणूस गेलं की तासाभरात त्याचं चित्र तयार होतं. निळं आभाळ, दोन बाजूंना समया, मध्ये फोटो, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली 'शोकाकुल' म्हणून मित्रमंडळींची नावं. पोरं चेष्टेत जिवंत मित्रांची अशी चित्रं करतात. या गावातली त्रिशला नववीत होती, खो-खोच्या संघात होती. सामन्यात ऐन वेळी तोंडावर आपटली आणि संघ हरला. संध्याकाळपर्यंत तिनंच स्टेटसला लावलेला फोटो उचलून चित्र फिरलं: 'कै. त्रिशला, खो-खोच्या मैदानावर दुःखद निधन.' वर्गातल्या ओंकारनं ते केलं होतं. वर्गानं खाली हार आणि रडकी तोंडं टाकली. कुणीतरी ते पुढं ढकललं, ते सदलग्याला तिच्या आईच्या माहेरी पोचलं, आणि तिथली आज्जी खरं समजून चक्कर येऊन पडली. तिला सलाईन लावावं लागलं.

त्रिशलाच्या घरात शब्द चालायचा तो तिच्या आज्जाचा. नेमाण्णा. शेतकरी, जैन समाजातलं वजनदार माणूस, शिवाय शाळेच्या समितीचे अध्यक्ष. त्यांनी निकाल दिला: फोन काढून घ्या, शाळा बंद, पुढच्या वर्षी इचलकरंजीला आत्तीकडं धाडू. ओंकारला सरांनी दोन थपडा दिल्या आणि तो दुसऱ्या दिवसापासून वर्गात. ज्यानं केलं तो बाकावर आणि जिच्यावर झालं ती घरात. हे मी इतक्या गावांत पाहिलंय की आता राग यायचासुद्धा कंटाळा येतो.

"पोरगी हुशार हाय," पाटील सर म्हणाले. "एकदा इचलकरंजीला गेली की शाळेचं नाव न्हाय. नाटकानं आण्णांचं मन वळतंय का बघा."

नाटकानं मन वळत नाही, मान वळते, आणि तीही शेजारच्याशी बोलायला. पण मी गेले.

पहिल्याच दिवशी नेमाण्णांच्या घरी गेले. ते अंगणात कॉटवर बसलेले. आत दाराशी त्रिशला मिरच्यांची देठं काढत होती.

"बाई, तुमी नाटक करा," नेमाण्णा म्हणाले. "मांडव मी घालून देतो. पोरगी येणार न्हाय."

"तिनं काय केलंय?"

"फोटो दिला. मोबाईलवर फोटो लावलाच कशाला? लावला न्हसता तर झालं असतं काय?"

"दिला न्हवता, घेतला," आतून आवाज आला. मिरच्यांवरची मान वर झाली नव्हती.

"तू गप गं."

मी चहा घेतला आणि निघाले. अशा माणसाशी पहिल्या दिवशी वाद घालायचा नसतो. मांडव जातो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तालीम. नाटकात एका भोपळ्याचं श्रद्धांजलीचं चित्र फिरतं आणि त्याच्या घरी काय होतं, असा प्रसंग होता. ओंकारला मी भोपळ्याचा आज्जा केलं. कापसाच्या मिशा लावल्या, डोक्यावर टोपी. अध्यक्ष म्हणून नेमाण्णा तालमीला येऊन खुर्ची टाकून बसले आणि लगेच दिग्दर्शन करू लागले. "आरं, म्हातारा आसा चालतोय व्हय? कंबर धर, कंबर!" मग त्यांचं लक्ष माझ्या पुठ्ठ्याकडं गेलं.

"भोपळा? माणसाचा फोटो लावा की. माझा लावा. माझं कोण काय वाकडं करतंय?"

मी नाही म्हटलं आणि मुलांकडं वळले. माझ्या दृष्टीनं विषय संपला. पण अध्यक्षांच्या जागी भोपळा, हे पाटील सरांना बघवेना. त्यांनी ऑफिसात जाऊन गेल्या स्वातंत्र्यदिनाचा नेमाण्णांचा फोटो शोधला, मोबाईलवर आभाळ आणि समया जोडल्या, 'भावपूर्ण श्रद्धांजली, कै. नेमाण्णा' असं लिहिलं आणि चित्र निपाणीच्या फ्लेक्सवाल्या महेशला पाठवून दिलं. सोबत मजकूर एवढाच: 'चार बाय तीन. अर्जंट.'

बाहेरच्यांना हे सांगायला हवं. आमच्याकडं कोण गेलं, हे सगळ्यांच्या आधी फ्लेक्सवाल्याला कळतं. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाचं मरण, सगळं त्याच्याकडून छापून जातं आणि त्याच्या स्टेटसला लागतं. अर्धी निपाणी सकाळच्या चहाबरोबर महेशचं स्टेटस बघते, मग पेपर. महेश चांगला मुलगा. त्याला वाईट वाटलं. गावच्या उरुसात नेमाण्णांच्या नावाच्या कमानी त्यानंच केलेल्या. त्यानं चित्र स्टेटसला लावलं, खाली स्वतःच्या मनानं लिहिलं, 'आण्णा, लवकर गेलासा.' खात्री करायला फोन? नंतर मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, ऑर्डर आली म्हणजे माणूस गेलंच की. खोट्या मरणाला चार बाय तीन कोण करतंय?"

इकडं आमची तालीम रंगात आली होती. ओंकार कंबर धरून चालत होता. एवढ्यात शाळेचा शिपाई भरमा धावत आला.

"सर, घंटा देऊ काय? शाळा सोडाय पायजे. अध्यक्ष वारले."

"कवा रं?" नेमाण्णांनी विचारलं.

"दुपारी," भरमा म्हणाला. आणि मग त्यानं खुर्चीकडं पाहिलं.

भरमाला पाणी द्यावं लागलं. पाटील सरांचा फोन वाजला, त्यांनी उचलला, पलीकडून कुणीतरी विचारलं, "सर, माती किती वाजता हाय?" सर म्हणाले, "कुणाची?" आणि मग त्यांचा चेहरा आमच्या ओटीपीच्या चादरीसारखा पांढरा झाला. काय घडलंय ते त्यांच्या लक्षात आलं होतं. आम्हाला सांगायला त्यांना थोडा वेळ लागला.

नेमाण्णा उठून घराकडं निघाले. मागं मी, सर, आणि सगळी तालीम. चौकातलं किराणा दुकान दुखवट्यात बंद होत होतं. दुकानदारानं नेमाण्णांना बघून हात जोडले, शटर पूर्ण खाली ओढलं, आणि मग आतून पुन्हा वर केलं.

अंगण भरलं होतं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजारच्या बायका भाकरीच्या टोपल्या, आमटीची पातेली घेऊन आल्या होत्या. घरातल्यांनी नेमाण्णा शाळेत आहेत म्हणून सांगितलं होतं, पण धक्क्यानं बोलतायत असं समजून कुणी मनावर घेतलं नव्हतं. मधोमध नेमाण्णांची थोरली बहीण चंपाआक्का चिक्कोडीहून जीपनं येऊन बसली होती आणि रीतसर गळा काढून रडत होती. "नेमा रं माझ्या, मला टाकून कसा गेलास रं..."

नेमाण्णा तिच्यापुढं जाऊन उभे राहिले. "आक्का, मी हितं हाय."

आक्कानं पदर बाजूला केला. नीट पाहिलं. आणि उठून त्यांच्या पाठीत एक दणका घातला.

"जिता हैस व्हय रं मुडद्या! वाटभर रडून घसा बसला माझा!"

मग सगळा प्रकार तिला सांगितला. तिनं शांतपणे ऐकला आणि विचारलं, "आन तू फोटो दिलासच कशाला त्यांला?"

"मी दिला न्हवता," नेमाण्णा म्हणाले. "त्यांनी घेतला."

बोलून झाल्यावर त्यांचं लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडं गेलं. त्रिशला तिथं उभी होती. तिनं आज्जाला पाण्याचा तांब्या आणून दिला. मी असते तर बोलले असते.

आता मेलेला माणूस जिवंत करायचा प्रश्न होता. पाटील सरांनी गावाच्या ग्रुपवर 'बातमी चुकीची आहे' असं टाकलं. त्याखाली लोकांनी जोडलेले हात आणि 'ॐ शांती' टाकलं, वाचतो कोण? सरांनी तेच पुन्हा टाकलं. शेवटी त्रिशलाच पुढं आली. "द्या हिकडं."

तिनं आधी महेशला फोन लावून स्टेटस काढायला लावलं. कुठल्या कुठल्या ग्रुपवर चित्र गेलंय ते बघून प्रत्येक ठिकाणी ते काढायला सांगितलं. आम्ही नाटकातून जे शिकवतो ते ती एकटीच करत होती. तिला सगळं माहीत होतं. मागच्या वेळी फक्त तिच्या हातातून फोन काढून घेतला होता.

मग तिनं आज्जाचा व्हिडिओ केला. नेमाण्णा नवी टोपी घालून, हात जोडून, ताठ बसले. "मी नेमाण्णा बोलतोय. मी सुखरूप आहे. कुणी काळजी करू नये." थोड्याच वेळात तोच व्हिडिओ परत आला, मागं बासरी लावलेली आणि वर लिहिलेलं, 'आण्णांचा शेवटचा संदेश.'

आता काय करायचं, हे मलाही सुचेना. त्रिशलाला सुचलं.

"आज्जा, शिवी द्या."

"पोरीबाळींफुडं?"

"रोज देतासा की. महेशला द्या."

नेमाण्णांनी दिली. ती दिवाळी अंकात छापता येत नाही. एवढंच सांगते, की तिच्यात महेश, त्याचं मशीन आणि त्याच्या आधीच्या दोन पिढ्या आल्या होत्या आणि शेवट चांगल्या कन्नडमध्ये होता. हा व्हिडिओ मात्र लागू पडला. फोन यायचे थांबले. महेशनं स्वतः उत्तर पाठवलं, 'आण्णा, लई बरं वाटलं.'

"असली शिवी जित्याच माणसाची," चंपाआक्का म्हणाली.

अंगणात टोपल्या तशाच होत्या. बायका परत न्यायला लाजत होत्या. नेमाण्णांनी आभाळाकडं बघितलं. त्यांच्या घरात सूर्यास्तानंतर जेवण नाही. "आलंयच तर जेवून घेऊ, दिवस मावळायच्या आत." मग पंगत बसली. स्वतःच्या मयताची भाकरी माणूस आमटीत कुस्करून खातोय, असं दृश्य मी पुन्हा बघायची शक्यता कमी.

ओंकार शेवटी बसला होता. कापसाची एक मिशी गळून पडली होती, दुसरी तशीच. चंपाआक्काचं रडणं त्यानं जवळून ऐकलं होतं. त्रिशला वाढत त्याच्यापर्यंत आली तेव्हा तो ताटाकडं बघूनच म्हणाला, "तुझ्या वेळी पण आसंच झालतं?"

"न्हाय," त्रिशला म्हणाली. "माझ्या वेळी कुणी भाकरी आणली न्हवती."

तिनं त्याच्या ताटात आमटी वाढली. तो "चुकलं" म्हणाला. ती म्हणाली, "जेव आदी," आणि पुढं गेली. नेमाण्णा दोन ताटं सोडून बसले होते. त्यांनी ऐकलं. एरवी ते दोनदा आमटी मागतात म्हणे. त्या दिवशी नाही मागितली.

तिचं खोटं मरण म्हणजे पोरांची गंमत होती. त्यांचं खोटं मरण म्हणजे गावाचा दुखवटा. दोन्ही चित्रांत आभाळ तेच, समया त्याच. हे मी नाटकातून दाखवायला गेले होते आणि माझ्या नाटकाला ते दाखवता आलं असतं की नाही, शंका आहे. सगळ्याच पोरींच्या आज्जांना असं वेळेवर मरता येत नाही. दोन-तीन गावांत मी नाटक केलं, टाळ्या घेतल्या, शाल-नारळ घेतला आणि पोरगी घरातच राहिली. ते नारळ मी फोडले नाहीत, मंदिरात ठेवून आले.

या गावात नाटक झालंच नाही. गावानं ते आधीच करून टाकलं होतं, आणि पात्रयोजना माझ्यापेक्षा चांगली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सामान आवरायला शाळेत निघाले. चौकात गर्दी होती. मंडळाच्या पोरांनी आदल्या दुपारी भावनेच्या भरात महेशऐवजी दुसऱ्याच दुकानात दहा बाय आठचा फ्लेक्स सांगितला होता. तो रात्रीत छापून आला होता आणि आला म्हणून पहाटे कुणीतरी उभाही केला होता. नेमाण्णा त्याच्याखाली उभे राहून वाचत होते. शेजारी त्रिशला, गणवेशात, पाठीला दप्तर.

"बघा बाई," ते मला म्हणाले. "मयत माझं. माझा फोटो तिकिटाएवढा, आन ह्या शोकाकुलांची थोबाडं परातीएवढी."

"उतरवायला सांगू?"

"ऱ्हाऊ दे. दुपारपातूर बघू दे लोकांस्नी."

तिघं मिळून शाळेत गेलो. पाटील सर आम्हाला बघून उभे राहिले आणि मग बसायचं विसरले. नेमाण्णा खुर्चीत बसले. "हिची हजेरी लावा."

सरांना आनंद झाला, पण ते मुख्याध्यापकही होते. "लावतो की. फक्त आण्णा, लई दिसांची गैरहजेरी हाय. वरनं विचारत्यात. पालकाच्या सहीनं कारण लागतंय."

"कागद द्या," नेमाण्णा म्हणाले. "लिव गं."

त्रिशलानं पेन उघडलं. "काय लिवू?"

मला वाटलं, आता 'आजारी होती' म्हणणार. सगळे तेच लिहितात.

"लिव. आज्जा वारल्यामुळं शाळेला येता आलं न्हाय."

त्रिशलानं त्यांच्याकडं पाहिलं. मग मान खाली घालून, अक्षर न बिघडवता, लिहिलं. नेमाण्णांनी कागद ओढून घेतला, खाली सावकाश, पूर्ण नावानं सही केली आणि तो टेबलावरून सरांकडं सरकवला.

सरांनी वाचला. पुन्हा वाचला. "आण्णा... वारलेल्या माणसाची सही कशी चालंल?"

"तुमीच मला मारलंसा न्हवं?" नेमाण्णा म्हणाले. "मग आता तुमीच चालवून घ्या."

सर शिक्का शोधू लागले. त्रिशला तोवर वर्गात जाऊन बसली होती.